सहा तास दहा मिनिटं

धुळे
सोमवार, ९ जून २०२५

चि. जितेंद्र,

खोकं शुक्रवारी पोचलं. आत निघालं ते असं: गुडघ्याला बांधायचे पट्टे दोन, ताकदीच्या गोळ्यांची बाटली एक, बदामाची पाकिटं दोन, लोकरीचे मोजे एक जोड. जकातीचे म्हणून पोस्टमनने चारशे दहा रुपये मागितले, पावती घेऊन दिले. खोक्यावर तिकडचा टपालखर्च छापलेला आहे. त्याचे रुपये करून पाहिले आणि मग बदाम खायचा धीर झाला नाही. बदाम आग्रा रोडवरही मिळतात. पुन्हा पाठवू नये.

पट्टे मात्र कामाचे आहेत. एकविरेच्या पायऱ्या आता एका दमात चढते.

खोक्यावरचं अक्षर ज्योतीचं आहे. पाठवणाऱ्याच्या जागी नाव तुझं आहे. सूनबाईला माझे आशीर्वाद सांग. नावापुरतं का होईना, तुझंही आलं, हे मी पाहिलं.

इकडचं सगळं ठीक. मागच्या अंगणातला नळ गळत होता, तो दुरुस्त केला. उद्या वटपौर्णिमा. शेजारणी सूत मागायला आल्या होत्या, माझ्याकडे पूर्वीचं दीड रीळ शिल्लक होतं, ते देऊन टाकलं.

तुझ्या धनसिंगमामाची दिपमाला या महिन्यात नवऱ्याकडे, चंदनरावांकडे निघाली. ते तुझ्याच गावाजवळ राहतात म्हणे, तुमचं विमानतळही एकच. ती विचारत होती, आत्या, जितूदादाला काही द्यायचं का. मी म्हटलं, बघू. खापरावरच्या पुरणपोळ्या माझ्या इतर कारणानेही व्हायच्याच आहेत, त्यातल्या चार देईन. तुझ्यासाठी मुद्दाम करते आहे असं समजू नये.

मागे जे बोलले त्यात बदल नाही. अडीच वर्षं झाली तरी नाही. बापाच्या सरणाला मुलाने वेळेवर पोचायचं असतं, एवढंच मी म्हणाले होते.

तुझ्या थोरल्या काकांना, नानांना, आता बिलकुल ऐकू येत नाही. डोळे चांगले आहेत, रोज पेपर वाचतात. त्यांचा भटू आपली शेती नीट बघतो. त्यांची चौकशी तू करत नाहीस, तरी कळवते.

आई


जळगाव
रविवार, २२ जून २०२५

चि. जितेंद्र,

हे पत्र दिपमालाच्या हाती देता आलं असतं, टपालाचा खर्च वाचला असता. पण तिच्याकडे द्यायचं नाही असं ठरवलं.

मी काल सकाळच्या एसटीने पोळ्या घेऊन इथे मामाकडे आले. दिपमालाची बॅग आतल्या खोलीत उघडी पडलेली, वजनकाट्यावर चढवायची आणि दोन साड्या बाहेर काढायच्या, असं चाललेलं. मी डबा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "यात चार पोळ्या आहेत. रात्री दीडला विमान सुटेल, सकाळी पावणेआठला उतरशील. तसाच डबा जितूकडे दे, त्याच्या न्याहारीला होतील. तूप लावलेलं आहे, सहा तासांत काही होत नाही."

ती हसली. "आत्या, सहा तास कुठले? साडेपंधरा-सोळा तास बसून पाय सुजतात माणसाचे."

मी म्हटलं, "सोळा तास तुझ्या विमानाला लागत असतील. जितू गेला तेव्हा सहा तास दहा मिनिटं लागली होती. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

तुझा मामा दाराशी केळी सोलत बसला होता. त्याला ऊत आला. "अक्का, तू त मॅट्रिक शे ना व? भूगोलमा शाळामा पह्यली उनी व्हती. तठे उतरानी येळ छापेल ऱ्हास ती तठली शे, अठली नही."

तिथे उतरायची वेळ तिथल्या घड्याळाची असते, आपल्या नाही. हे तो केळी खात खात म्हणाला. दिपमाला हसतच होती. तिने मला फोनवर नकाशा काढून दाखवला. मुंबईपासून तुमच्या न्यूअर्कपर्यंत साडेबारा हजार किलोमीटर. रेघ सरळ नाही, केळ्यासारखी वाकून वर जाते आणि मग खाली उतरते. मी विचारलं, वाकडी कशाला, लांब नाही का पडत. ती म्हणाली, "आत्या, पृथ्वी गोल आहे. नकाशात जे वाकडं दिसतं तेच जवळचं असतं."

मामा म्हणाला, "सहा तासात अमेरिका ऱ्हाती ते मी रोज भाजीले गयतू."

सगळे हसले. मीही हसले. मग मी पाणी प्यायला आत गेले.

तुझ्याकडून एवढंच हवं आहे. तुझे आप्पा गेले त्या वेळी तू तिकडून किती वाजता निघालास आणि मधे कुठे किती थांबलास, ते लिही. आठवत नसेल तर राहू दे.

पोळ्या मी परत घेतल्या नाहीत. सोळा तासांत आंबतील बहुतेक. आंबल्या तर टाकून द्या, माझ्यासाठी खाऊ नका.

आई


धुळे
रविवार, २९ जून २०२५

जितेंद्र,

आज फक्त गणित लिहिते.

माळ्यावरून तुझा शाळेचा नकाशासंग्रह काढला. धुळं पूर्वेला पावणेपंचाहत्तर रेखांशावर आहे. तुझं विमानतळ पश्चिमेला चौऱ्याहत्तरच्या थोडं पुढे. दोन्ही मिळून एकशे एकोणपन्नास. एका रेखांशाला चार मिनिटं. एकशे एकोणपन्नास गुणिले चार, पाचशे शहाण्णव मिनिटं. म्हणजे चार मिनिटं कमी दहा तास. सरकारी घड्याळांनी त्यात अर्धा तास इकडे-तिकडे होतो.

तुझ्या पहिल्या तिकिटाची प्रत वहीत चिकटवलेली आहे. सुटण्याची वेळ एक पस्तीस, पोचण्याची सात पंचेचाळीस, तारीख एकच. खाली माझ्या अक्षरात: "मुंबई ते न्यूअर्क, ६ तास १० मिनिटं. धुळे ते मुंबई एसटी, ८ तास." त्या दिवशी मी आप्पांना म्हणाले होते, बघा, जितूची अमेरिका मुंबईपेक्षा जवळ आहे. ते हसले. मला वाटलं, पोराच्या आनंदात हसले. त्यांना वाटलं असेल, ही थट्टा करते आहे.

हेच रेखांशाचं गणित मला मॅट्रिकच्या पेपरात आलं होतं. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

तुझं उत्तर अजून नाही. इतक्यात येणारही नाही, ते मला कळतं.

आई


धुळे
सोमवार, ७ जुलै २०२५

चि. जितू,

काल एकादशीचा उपास होता. देवापुढे बसले की खोटं बोलता येत नाही, म्हणून दिवसभर बसलेच नाही. नुसतं निरांजन लावून बाजूला झाले. आज पारणं करण्याआधी हे लिहिते आहे. फोनवर का नाही म्हणशील, तर फोनवर तू "हं, हं" म्हणतोस आणि मी नळाचं सांगत बसते.

आप्पा गेले त्या शुक्रवारचं सांगायचं आहे. तू अर्धंच जाणतोस.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ते गेले. साडेपाचला भटूने तुला फोन लावला. त्यानंतर तासाभराने तुझा फोन त्यालाच आला: सरळ जाणाऱ्या विमानात जागा नाही, लंडनवरून येतो, उद्या दुपारी साडेतीनपर्यंत दारात असेन, तोवर थांबा. तू हे सांगितलं होतंस. भटूने ते जसंच्या तसं मला सांगितलं. मला माहीत नव्हतं असं जे सगळे समजतात, ते खरं नाही.

मी भटूला म्हटलं, "सहा तास विमान, आठ तास गाडी. चौदा तास. मनात आणलं तर आज संध्याकाळी येईल."

तो म्हणाला, "काकू, विमानाला जास्ती वेळ लागतो."

मी म्हटलं, "माझ्या वहीत लिहिलेलं आहे."

तुला ठाऊकच आहे, आपल्या घरात वहीचं नाव घेतलं की पुढे कोणी बोलत नाही. लग्नातल्या आहेरापासून विहिरीच्या खोलीपर्यंत जे वहीत आहे ते खरं. 

संध्याकाळ झाली. तू आला नाहीस. बर्फाची पेटी आणलेली होती, तिला अजून दिवसभर काही झालं नसतं. शनिवारी सकाळी माणसं जमली. नाना माझे थोरले दीर. लग्न होऊन बेचाळीस वर्षं झाली, ते माझ्याशी समोरासमोर कधी बोललेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून जे सांगायचं ते भटूला सांगतात, मी पदर सावरून आतून ऐकते. त्या दिवशीही ते तसेच उभे होते. भटूला म्हणाले, "पोऱ्या यी ऱ्हायना. थांबूत. सांग तिले."

पोरगा येतो आहे, थांबू, असं ते सांगत होते आणि मी आतून म्हटलं, "ज्याला यायचं होतं तो काल आला असता. उचला."

साडेनवाला नेलं. अग्नी भटूने दिला. साडेतीनला तुझी गाडी दाराशी लागली. तू शब्द पाळला होतास, मिनिटाचाही फरक नव्हता. तू अंगणात उभा राहून नानांना विचारलंस, "कोणी उचलायला सांगितलं? कोणी सांगितलं?" नानांनी मान खाली घातली. तू भटूकडे पाहिलंस. तोही काही बोलला नाही. मी आत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

त्यानंतर तू नानांना आणि भटूला जे बोललास ते त्या दोघांनी ऐकून घेतलं. बापाची जमीन सांभाळायला दिली म्हणून बापही तुमचाच झाला का, असं तू भटूला म्हणालास. मी तेव्हाही बाहेर आले नाही. वरून रात्री तुलाच म्हणाले की सहा तासांच्या वाटेला ज्याला दोन दिवस लागतात, त्याचं नाव यापुढे कानबाईच्या मुठीत धरायचं नाही. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. तुला सहा तास म्हणजे काय तेच कळलं नसेल. तिसऱ्या दिवशी राख सावडून तू निघून गेलास.

मी आता मोजलं. भटूचा फोन आल्यापासून दारात येईपर्यंत तू चौतीस तासांत आलास. त्यात न झोपलेले किती, ते मी मोजू शकत नाही. पूर्वी तू सुट्टीवर यायचास तेव्हा दोन दोन दिवस झोपून असायचास आणि मी आप्पांना म्हणायची, सहा तासांत एवढा कसला थकवा. तेव्हा तरी विचारायला हवं होतं.

मला वेळ कळली नाही, ही चूक झाली. चूक माणसाकडून होते. पण नानांच्या अंगावर माझा दोष अडीच वर्षं राहू दिला, ती चूक नाही. ते मी जाणून केलं. पहिल्यांदा लाजेने, नंतर सवयीने. आणि मनात असं होतं की तू नानांवर रागावलेला राहिलास तर माझ्याकडे तरी येशील. आला नाहीस.

आता कानबाईचं. दर श्रावणात देवी बसायच्या आदल्या दिवशी नाना आपल्या घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात, त्याचेच नैवेद्याचे रोट होतात, घरच्यांनीच खायचे, पुनवेच्या आत संपवायचे. लांब असलेल्याचीही मूठ धरतात, कारण जिथे असेल तिथे तो घरचाच असतो. तू अमेरिकेत गेल्यापासून तुझी मूठ कधी चुकली नव्हती. त्या पुढच्या श्रावणात सगळ्यांची नावं झाल्यावर नाना थांबले, भटूला म्हणाले, "जितूनी मूठ?" मी आतून म्हटलं, नाही. गेल्या साली पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. पण गेल्या साली सगळे जेवायला बसल्यावर मी जाऊन त्याच पोत्यातून सव्वा मूठ काढली आणि इथे आणून देवघरातल्या पितळी डब्यात ठेवली. परवा डबा उघडला. गव्हाला टोके पडले आहेत. टाकवतही नाही.

गेल्या मंगळवारी मी नानांकडे गावी गेले. भटू शेतात होता. नाना ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांच्यासमोर मी कधी गेलेली नाही आणि आता त्यांना आतून बोललेलं ऐकू येत नाही. मग कॅलेंडरच्या जून महिन्याचं पान फाडलं, त्याच्या पाठीवर सगळं लिहिलं. उचला असं मी म्हणाले, तुम्ही नाही. जितूला मी सांगितलं नाही. तिकिटावरची वेळ मी चुकीची धरली. एवढं लिहून पान त्यांच्या पेपरवर ठेवलं आणि दाराआड उभी राहिले.

त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. घडी घातली, खिशात ठेवली. मग भटू आला. तो पाय धूत होता तेव्हा त्याला म्हणाले, मोठ्याने, जसं ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, "तिले सांग, मूठ मी मोजसू. नाव तिनी सांगाले पाहिजे."

भटूने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "काकू, काय झालं?" मी त्यालाही सांगितलं. तो बराच वेळ टॉवेलने पायच पुसत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं तुम्ही कधीतरी सांगाल." पुढे हसला आणि म्हणाला, "जितूदादाने मला शिव्या दिल्या त्या परत घ्यायला सांगा. व्याजासकट." तो असाच आहे. तुम्ही दोघं एका ताटात जेवलेले आहात, तुला सांगायला नको.

तर आता नाव मला सांगायचं आहे आणि ते मी आपल्या मनाने सांगणार नाही. एकदा आपल्या मनाने काढलं, तेवढं पुरे. हे सगळं वाचून तुला माझ्याच हातचा रोट नको वाटला, तर ते मी समजेन. ये असंही म्हणत नाही. साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे काय ते मला आता कळतं. आलास तर दोन दिवस झोप, कोणी उठवणार नाही. नाही आलास तर तुझ्या मुठीचा रोट कोणी खायचा, ते नाना ठरवतील.

नकाशासंग्रह अजून टेबलावर उघडाच आहे. शून्याची रेघ मधे आणि आपण दोघं दोन बाजूंना, जवळजवळ सारख्याच अंतरावर. मला आजवर वाटायचं, मी आहे तिथेच आहे आणि लांब तू गेलास.

या खेपेला कानबाई तीन ऑगस्टला, रविवारी बसते. गहू शनिवारी, दोन तारखेला मोजायचे. पोस्टाच्या खिडकीवर विचारलं, पत्र तिकडे पोचायला बारा दिवस, यायला बारा. हे तुला एकोणीसला मिळेल. त्याच दिवशी उत्तर टाकलंस तर एकतीसला माझ्या हातात येतं. दोन दिवस हाताशी राहतात. हा हिशेब मी खिडकीवरच्या माणसाकडून तपासून घेतला आहे, नुसता माझ्या वहीतला नाही.

पत्र माझ्या नावाने नको, नानांच्या नावाने लिही. त्यांना फोन ऐकू येत नाही, कागद वाचता येतो. त्यांना जे लिहायचं ते आधी लिही, भटूचंही. माझ्यासाठी शेवटी एक ओळ पुरे. तुझं नाव घेऊ का, तेवढं उलट टपाली कळव.

आई

ता. क. दिपमालाचा फोन आला होता. पोळ्या आंबल्या नव्हत्या म्हणते. चारांतली एक तू विमानतळावर गाडीतच खाल्लीस, असंही म्हणाली. ते खरं आहे का, तेही लिही.